मसुदा आधी की मार्गदर्शक?

खानापूर सोडून गाडी लोंढ्याकडे निघाली की मध्ये गुंजी लागतं. माउलीच्या यात्रेपुरती या गावाला गर्दी. एरवी भाताची शेतं, धो धो पाऊस आणि शिकायला बेळगावला जा-ये करणारी मुलं. अशा गावातल्या एका मुलीनं एचसीआयच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पेपर पाठवायचं मनावर घेतलं आहे. एचसीआय म्हणजे माणूस यंत्राशी कसा वागतो आणि यंत्र माणसाशी कसं वागतं, हे बारकाईनं पाहणारा अभ्यास. मुलगी बेळगावला एम.टेक. करते. तिचा चुलतभाऊ मुंबईत डिझाइन शिकला, आता पुण्यात नोकरी करतो आणि त्याचे काही पेपर छापूनही आले आहेत. गणपतीला तो घरी आला होता. दोघांचं वाजलं ते एकाच प्रश्नावरून : आधी मार्गदर्शक शोधायचा की आधी मसुदा लिहायचा? दोघंही माझ्या ओळखीची. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे, नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत.

त्याआधी तिचं काम काय ते सांगायला हवं. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजना आहे. घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये येतात. पैसे आले की फोनवर बँकेचा मेसेज येतो, तो इंग्रजीत. गुंजीतल्या थोरल्या बायका शाळेत गेल्या असतील तर मराठी शाळेत. सरकारी कागद कन्नडमध्ये आणि मेसेज इंग्रजीत. मग पैसे आले हे त्यांना कळतं कसं, एवढाच तिचा प्रश्न. ती बचत गटाच्या बायकांजवळ बसून नुसती बघत राहिली.

तिनं पाहिलेलं मी तिच्याच शब्दांत देतो. “एक काकी आहेत. फोन हातभर लांब धरतात. अक्षरांकडे बघतच नाहीत, अंगठ्यानं मेसेज सरकवत आकड्यांवर थांबतात. २००० दिसलं की थांबायचं. मग खात्याचे शेवटचे आकडे पासबुकाच्या पहिल्या पानाशी ताडून बघायचे. आणि ह्या महिन्याचे आले की मागच्याच महिन्याचा मेसेज परत बघतोय, हे कसं ठरवतात माहीत आहे? जुना मेसेज त्या पुसत नाहीत. महिन्याचं नाव इंग्रजी तीन अक्षरांत असतं. ते वाचता येत नाही, पण जुन्या मेसेजमधल्या तीन अक्षरांपेक्षा ह्यांचा आकार वेगळा आहे एवढं त्यांना दिसतं. आकार वेगळा, म्हणजे पैसे नवे.”

हे ऐकून मी थक्क झालो. भाऊही झाला असावा, पण पेपर लिहिणाऱ्या माणसाची सवय, त्यानं पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

दादा : हे वाचणार कोण?

बहीण : परिषदेचे रिव्ह्यूअर वाचतील की.

दादा : त्यांच्याआधी कोण वाचणार? कॉलेजातले गाइड?

बहीण : सर भले आहेत, पण त्यांचा विषय नेटवर्किंग. मला म्हणाले, ह्यात अल्गोरिदम कुठं आहे? एखादा चॅटबॉट तरी कर, म्हणजे प्रोजेक्ट दिसेल.

दादा : म्हणून तर म्हणतो, बाहेरचा मार्गदर्शक धर. हा विषय ज्याचा आहे असा. तोवर पाठवू नको. सीएचआय ही ह्या विषयातली सगळ्यांत मोठी परिषद, १९८२ पासून चालू. चार पेपर गेले तर साधारण तीन परत येतात. त्यातले बरेच वाईट असतात म्हणून परत येत नाहीत. पेपर कसा बोलतो हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून येतात.

बहीण : आणि नाव झाकूनच जातात ना तिथं? रिव्ह्यूअरला माझं नाव दिसणार नाही, कॉलेज दिसणार नाही, मार्गदर्शकाचंही दिसणार नाही. मग मोठ्या नावाचा माणूस मला कशाला हवा?

दादा : नाव दिसत नाही, पण वळण दिसतं. पहिल्या पानावरच कळतं, हे माणूस आमच्यात बसून बोलतंय की दारातून.

बहीण : मी दारातूनच बोलणार दादा. दारातच आहे मी.

इथं ती थोडी चिडली. तिचं चिडणं मला रास्त वाटतं. गावांवर लिहिलेले पेपर तिनं वाचले आहेत. संशोधक शहरातून येतात, काही आठवडे राहतात, लिहितात. गावातली माणसं पेपरात उतरतात ती ‘सहभागी’ म्हणून, नावाच्या जागी एक अक्षर आणि एक आकडा. या मुलीला सहभागी व्हायचं नाही, लेखक व्हायचं आहे. मार्गदर्शक आला की तो आपल्या गावाकडे पुन्हा बाहेरून बघायला लावेल, अशी तिला धास्ती आहे.

भावानं यावर कोल्हापूरकडच्या वारणेचं उदाहरण काढलं. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या भागात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणकाची केंद्रं आली. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, शेतीचा सल्ला मिळेल, इंटरनेट मिळेल, असं स्वप्न होतं. पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा तिथं गेले आणि संगणकाचा खरा वापर कशाला होतो ते त्यांनी बघितलं. ऊस किती गेला, खताची नोंद काय, अशी मोजकी माहिती इकडून तिकडे पोचवायला. तेवढं काम साध्या फोनच्या एसएमएसवरही होतं, असं त्यांनी काही गावांत करून दाखवलं आणि २००९ साली त्यावर लेख छापला.

दादा : त्यांनी तरी काय वेगळं केलं? बसून बघितलं. तू केलंस तेच. पण ते कुठं मांडायचं, आधीच्या कुणाशी बोलत मांडायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

बहीण : आणि वारणेच्या केंद्रात बसून वर्षानुवर्षं उसाच्या नोंदी करणारा ऑपरेटर? संगणक कशाला वापरला जातो हे त्याला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. त्याचा लेख कुठं आहे?

दादा : तोच तर मुद्दा. त्याला लिहायला बसवणारं कुणी भेटलं नाही.

दोघांचा वाद खरा म्हणजे इथंच अडकून होता आणि दोघंही एकच गोष्ट दोन टोकांनी धरून ओढत होती, असं मला वाटत होतं. पण पुढं भावानं जे बाहेर काढलं त्यानं ती गप्प झाली.

तिच्या मसुद्याचा पहिला दावा असा होता : ज्यांना मेसेज वाचता येत नाही त्या बायका तो किराणा दुकानातल्या पोराकडून किंवा नातवाकडून वाचून घेतात, म्हणजे फोन एकाचा आणि वापर दोघांचा. हे आजवर कुणी मांडलेलं नाही, असं तिनं लिहिलं होतं. भावानं फोनवर एक पेपर उघडून तिच्यापुढे धरला. २०१० च्या सीएचआय परिषदेतला, नित्या संबशिवन, एड कट्रेल, केंतारो तोयामा आणि बॉनी नार्डी यांचा. त्यांनी हेच पाहिलं होतं : ज्याला स्वतःला यंत्र वापरता येत नाही तो दुसऱ्याच्या हातून वापरतो, आणि मधला माणूस नुसता वाचून दाखवत नाही, वापराला आपलं वळण देतो. बरंचसं काम बेंगळुरूच्या गरीब वस्त्यांतलं.

दादा : ह्या पेपरचा पत्ता नसताना तू पाठवलं असतंस, तर पहिल्याच परिच्छेदाला रिव्ह्यूअरनं मिटून ठेवलं असतं. मार्गदर्शक ह्यासाठी लागतो बाई. त्यानं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

बहीण : पाच मिनिटांत तूच सांगितलंस की. म्हणजे मला मार्गदर्शक मिळाला.

दादा : चेष्टा नको. सांग, आता तुझं म्हणून काय उरलं?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या काकी कुणाकडून वाचूनच घेत नाहीत.”

दादा : म्हणजे?

बहीण : घरात नातू आहे, बारावीला. मिनिटात वाचून देईल. तरी त्या त्याला फोन देत नाहीत. आकडे ताडणं, जुना मेसेज राखणं, अक्षरांचा आकार बघणं हे सगळं त्या करतात, ते पैसे आलेत हे घरात इतक्यात कळू नये म्हणून. मी विचारलं तर म्हणाल्या, कळलं की लगेच कुणाची तरी फी निघते. मी ती गोष्ट तळटीपेत घातली होती.

दादा : ती तळटीप वर घे. तोच तुझा पेपर. २०१० चा पेपर म्हणतो, वाचता येत नाही म्हणून मधला माणूस लागतो. तू म्हणतेस, मधला माणूस नको म्हणून ही बाई वाचता न येताही वाचायची तऱ्हा शोधते. असं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

माझ्या मते त्या दुपारी महत्त्वाचं जे घडलं ते हेच. मार्गदर्शक करतो ते काम याहून मोठं नसतं आणि याहून लहानही नसतं. भावानं तिला नवं काही दिलं नाही. तिच्याच तळटीपेतलं तिला दाखवलं. पण मसुदा नसता तर तळटीप नसती, आणि तळटीप नसती तर त्याला दाखवता काय आलं असतं? कोऱ्या हातानं मार्गदर्शकाकडे गेलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक आपलाच विषय देतो, दुसरं त्याच्याजवळ द्यायला नसतंच. कॉलेजातल्या सरांनी चॅटबॉट सुचवला तो वाईट हेतूनं नव्हे. मुलगी तेव्हा त्यांच्यापुढे नुसती कल्पना घेऊन उभी होती.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा बहिणीला जोर आला.

बहीण : बघ. सुळेभावीचे कुमार गंधर्व आठव. आपल्या बेळगाव तालुक्यातले. अलाहाबादच्या संगीत परिषदेत गायले तेव्हा अकरा वर्षांचे होते. देवधर मास्तरांकडे शिकायला गेले ते त्यानंतर. आधी परिषद, मग गुरू.

दादा : आणि परिषदेत कसे गायले? मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची हुबेहूब नक्कल. लोक थक्क झाले. एवढी वाहवा मिळाल्यावरही मुंबईला देवधरांकडे जाऊन वर्षानुवर्षं शिकले ते का? दुसऱ्याची गायकी गळ्यात होती, स्वतःची घडायची होती म्हणून. तुझा आताचा मसुदाही तसाच आहे, रागावू नको. प्रस्तावना वाचली की दहा पेपर ऐकू येतात. तुझा आवाज लागतो तो काकींच्या परिच्छेदात.

याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि खरं तर उत्तराची गरजही नव्हती.

मग बोलणं व्यवहारावर आलं. कुणाला विचारायचं? भावाचा ओढा मोठ्या नावांकडे. त्यानं आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं नाव घेतलं. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमावर बेतलेला ‘कीलेख’ कळफलक तिथंच केला आणि २००४ साली व्हिएन्नाच्या सीएचआयमध्ये मांडला. पुढे फोनसाठी ‘स्वरचक्र’ आलं. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमलते. आपल्या लिपीतून उठलेला प्रश्न जगाच्या व्यासपीठावर जातो, याचा हा पुरावा, असं त्याचं म्हणणं. याच विषयाची इंटरॅक्ट परिषद २०१७ साली मुंबईत भरली आणि २०१० ची इंडिया एचसीआय परिषद तर आयआयटी मुंबईतच. म्हणजे दार लांब नाही.

बहिणीचं मत वेगळं. मोठ्या माणसाच्या टपालात अशी पत्रं किती पडत असतील! तिला हवा होता तो दोन-तीन पायऱ्या पुढचा माणूस. पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याचा पेपर नुकताच एकदा परत आला आणि दुसऱ्यांदा लागला. त्याला नकार कशावरून येतो ते ताजं ठाऊक असतं आणि वाचायला वेळही असतो. या बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. ज्या पेपराचा आपण आधार घेतला त्याच्या लेखकांच्या यादीतलं पहिलं नाव बहुतेक वेळा अशाच तरुणाचं असतं. पत्र त्याला लिहावं. काही परिषदा नवख्या लेखकांना मार्गदर्शक जोडूनही देतात. परिषदेचं निवेदन नीट वाचलं तर दिसतं, की त्यासाठी नाव द्यायची तारीख पेपराच्या तारखेच्या बरीच आधीची असते, आणि नेमकी तीच नवख्यांच्या हातून निसटते.

नावाचा प्रश्न भावानंच काढला, आणि स्पष्ट काढला. आपल्याकडे गाइडचं नाव लावायची रीत आहे. सीएचआय ज्या संस्थेची, त्या एसीएमचा नियम मात्र असा की ज्यानं कामात खरा बौद्धिक वाटा उचलला आणि जो मजकुराची जबाबदारी घेतो, तोच लेखक. मसुदा वाचून सूचना देणाऱ्याचे आभार मानायचे. त्यानं मांडणीच उभी केली, विश्लेषण केलं, तर त्याचं नाव आलं पाहिजे. हे पहिल्याच पत्रात ठरवून घ्यावं, शेवटच्या आठवड्यात नको.

बहीण : आणि काकींचं नाव?

दादा : त्यांचं नाव घालता येणार नाही. फोनच्या पडद्याचा फोटोही नको, खात्याचे आकडे दिसतात. आणि दुसरंही एक बघ. पैसे घरात कळू नयेत म्हणून त्या ही तऱ्हा वापरतात, तू ती जगाला सांगणार. त्यांना विचारलंस?

बहीण : विचारलं. मराठीत लिहून, वाचून दाखवून. म्हणाल्या, गावाचं नाव घालू नको, बाकी काय लिहायचं ते लिही.

दादा : मग गावाचं नाव पेपरात नको.

बहीण : नको. खानापूर तालुका एवढंच.

दादा : तेही जास्त होतंय. बेळगाव जिल्हा म्हण.

इथं दोघांचं एकमत झालं, आणि सगळ्या बोलण्यात एवढं एकच एकमत. (मी लेखात गुंजीचं नाव घेतलं आहे ते काकींना विचारूनच. त्या म्हणाल्या, मराठीत लिहिलेलं चालेल, आमच्या घरात ते कुणी वाचत नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं, ते इथं नोंदवून ठेवतो.)

तारखांचं बोलणं थोडक्यात आटपलं. सीएचआयची शेवटची तारीख बहुधा सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. ती पृथ्वीवर जिथं दिवस सगळ्यांत शेवटी संपतो तिथल्या घड्याळानं मोजतात, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. पावसात गुंजीची वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही, तेव्हा आदल्या दिवशीच बेळगावात बसून फाइल चढवायची. निवड झालीच तर प्रवासखर्चासाठी सीएचआय भरवणाऱ्या सिगकाय या संघटनेची गॅरी मार्सडेन यांच्या नावानं मदत मिळते. मार्सडेन केपटाउनला शिकवत, २०१३ साली गेले. या विषयात पुढे येऊ पाहणाऱ्या आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी फार खस्ता खाल्ल्या. अजून खूप लांबची गोष्ट, पण तिला ती माहीत असावी म्हणून भावानं सांगितली.

शेवटी पत्र. भावानं सांगितलं, आधी स्वतःची ओळख लिही, कॉलेज, टक्के, मग मार्गदर्शनाची विनंती. बहिणीनं ऐकलं नाही. तिनं लिहिलेलं पत्र मी वाचलं. इंग्रजीत होतं. त्याचा मराठी आशय असा : तुमचा अमुक पेपर मी वाचला. तुम्ही म्हणता, वाचता न येणारा माणूस मध्यस्थ घेतो. मी एक बाई पाहिली, ती मध्यस्थ टाळण्यासाठी अक्षरांचे आकार ताडते. सोबत दोन पानं जोडली आहेत. माझा प्रश्न एकच : माझी ही गोष्ट तुमच्या निष्कर्षाचा अपवाद आहे की त्याची दुसरी बाजू? दोन पानं वाचून एवढंच कळवलंत तरी मला पुरे. ओळख शेवटच्या एका ओळीत होती.

दादा : ‘एवढंच कळवलंत तरी पुरे’ हे काढ. त्यानं पुढं वाचायचं कबूल केलं पाहिजे. मार्गदर्शन माग ना सरळ.

बहीण : पहिल्याच पत्रात नाही मागणार. उत्तर आलं तर पूर्ण मसुदा पाठवीन. ते वाचलं तर मग विचारीन.

दादा : आणि उत्तरच आलं नाही तर?

बहीण : तीन आठवडे थांबीन, एकदा आठवण करीन, मग दुसऱ्याला लिहीन. आणि कुणीच उत्तर दिलं नाही तरी इंडिया एचसीआयला पाठवणार. परत आलं तर रिव्ह्यू तरी लिहून येईल.

दादा : मला ते मान्य नाही. कच्चा पेपर पाठवू नये.

बहीण : तुला मान्य नसेना का. काकींचा परिच्छेद वाचून दे आधी.

त्यानं तो वाचायला घेतला.